फाटीं वच

कुडचड्यात, वेल्डिंगच्या दुकानावरच्या खोलीत
पंखा बंद करून बसलोय तिघे:
मी, वियानी,
आणि तांदळाच्या पुरचुंडीशेजारी खोक्यात निजलेला
पणजीहून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला कंडेन्सर.

त्याची किंमत मी वियानीला सांगितली नाही.
सांगितली असती तर मान आखडून उभा राहिला असता,
पासपोर्टच्या फोटोसाठी उभं राहतात तसा.

पहिला टेक.
माईक इतका शहाणा की सगळंच ऐकतो:
खालच्या दुकानात ठेवलेला हातोडा,
पुलाच्या चढावर गियर बदलणारा ट्रक,
वियानीच्या खिशातली चिल्लर.
आणि आवाज?
आवाज आला इस्त्री करून, घडी घालून.
मडगाव-सावर्डे, दिवसाच्या सहा फेऱ्या मारणारा कंडक्टर
त्यात कुठेच नव्हता.

"बरें जालां," वियानी म्हणाला
आणि खिडकीकडे बघत राहिला.
बरें म्हणजे किती बरें,
हे इकडे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांवरून ठरतं.

प्रीअँप दोन आहेत माझ्याकडे.
एक नवा, अजून हप्ते चालू असलेला,
घालाल ते तसंच्या तसं मोठं करून देतो,
पदरचं काही घालत नाही.
दुसरा कायतान मेस्तांनी बांधलेला.
वास्कोत रेडिओ दुरुस्त करायचे ते.
मेलेल्या एका रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, दोन व्हॉल्व्ह,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
तापायला वीस मिनिटं घेतो.
गावात दिवे लागले की व्होल्टेज पडतं
आणि दारामागे कुणी उभं असावं तसा तो हूं करतो.
मेस्त म्हणायचे, जास्त पिळलास तर फाटेल;
पण फाटू दे थोडा.
कोरं कापड अंगाला लागत नाही.

मग ड्रॉवरमधून काढला जुना डायनॅमिक.
जाळी चेपलेली. कुंकळ्ळीच्या एका लग्नात स्टेजवरून पडला,
आणि पडल्यापासून जरा बराच वाजतो, असं माझं मत.

वियानी जाळीला ओठ टेकवूनच किंचाळला.
काटा लाल घरात गेला नि तिथेच बसला.
खालचे सूर चहात विसरलेल्या पावासारखे फुगले.
मी म्हणालो, मागे सर.
तो बोटभर सरला.
अजून.
अजून मागे.
आणि तो हसायला लागला, गुडघ्यांवर हात टेकून,
चिल्लर वाजवत:
अकरा वर्षं, पात्रांव, अकरा वर्षं
मी लोकांना हेच सांगतोय,
फाटीं वच, फाटीं वच, फाटीं सुवात आसा.
आणि मागे जागा
कधीच नव्हती.

तरी गळा उघडेना.
इतकी वर्षं मी पडद्यावरच्या रेषा बघतोय,
माणसाचे हात बघितले नव्हते.
स्टँडसमोर त्याचे हात रिकामे लोंबत होते.
स्टँड काढला.
खिडकीवर पडद्याचा लोखंडी बार होता.
डाव्या हाताने तो धरला त्याने, उजव्यात माईक,
एक पाय पुढे,
समोर वळण असल्यासारखा.

चौथ्या ओळीवर जे निघालं
त्याचा आकडा मी लिहून ठेवलेला नाही.
एवढंच, की हूं बुडाली,
आणि व्हॉल्व्ह नेमका तिथेच उसवला
जिथे गळा उसवत होता.

कंडेन्सर पुन्हा खोक्यात, तांदळाशेजारी.
एकदाही चूक केली नाही बिचाऱ्याने.
उद्या परत करायचा;
मडगावपर्यंत वियानीच्याच बसने जाईन,
तिकीट तो घेणार नाही, आणि मी देईनच.

टेकच्या शेवटी, गिटार विझायच्या जागी,
सवयीने त्याने बारवर दोन थापा मारल्या,
बस सोडताना मारतात तशा.
"पुसशील मरे त्या?"
मी फाईलला नाव देत होतो.
खाली वेल्डर ओरडला, झालं का, चालू करू?