अंगठा उठत नाही

मांढळच्या सातऱ्यावर फेब्रुवारीत
सकाळी आठलाच खोकला सुरू होतो.
आधी एकीला, मग तिच्या शेजारणीला,
मग ताडपत्रीखालच्या दीडशे बायांना,
रांगेतून कोणी काही पुढं देत जावं तसा.

मामी म्हणते, बस, पण डोऱ्याले हात लावू नोको.
मी बसते. देठ धरायचा, वाकवायचा, खुडायचा.
किलोमागं किती मिळतात ते विचारत नाही.
ती हसेल, आणि हसली की खोकेल.

मी नऊ वर्षं हेच शोधत होते, मामी.
म्हणजे हे नाही.
तिखट लागलं की नसेच्या टोकातून
एक निरोप सांडतो,
अकरा मण्यांची इवलीशी माळ.
ती पेशीच्या अंगावर नेमकी कुठं टेकते,
माणसाच्या, उंदराच्या नाही,
ती जागा.

"कुलूप-किल्लीवानी?" पंचफुला विचारते.
तिचा पोट्टा बारावीत आहे, सायन्सला.
आम्हीही तसंच शिकवतो.
पण किल्ली लागली म्हणून कुलूप अंग वळवत नाही.
हे वळवतं. सात वेळा कातडीतून आतबाहेर
ओवलेला धागा, वाकळीच्या टाक्यासारखा.
वर माळ टेकते,
खालची गाठ सरकते,
आणि आतलं घर दचकून उठतं.

माळेला आम्ही किरणोत्सारी आयोडीन लावलं,
जत्रेत हरवू नये म्हणून
लेकराच्या दंडाला चिंधी बांधतात तसं.
पेशींवर सोडलं, धुतलं, गाळलं,
चिकटून किती राहिलं ते मोजलं.
मग बिनचिंधीच्या माळा ओतल्या, हजारपट,
कोण कोणाला ढकलून बसतं ते पाहायला.
तिच्या चुलत बहिणीही आल्या,
शेवटचे मणी अगदी सारखे.
त्यांनाही बसू दिलं जागेनं, पण गर्दी करून आल्या तेव्हाच.
कागदावर रेषा सरळ उतरली.
हैदराबादच्या त्या थंड खोलीत
रात्री अडीचला मी एकटीच नाचले,
हातमोजे न काढता.

"अन् मंग माहे हात कायले नाही जळत?"

निरोप फार आले, मामी, तर ती जागा
पेशीच्या आत बुडी मारते.
थोड्या वेळानं पुन्हा वर येते.
"कितीक वेळानं?"
वीस मिनिटांचं मला सांगता येतं.
सव्वीस वर्षांचं
आम्ही मोजलं नाही.

दुपारी राशनच्या दुकानात
मामीनं अंगठा लुगड्याला पुसला, यंत्रावर ठेवला.
लाल दिवा.
केसांवर घासला, ठेवला. लाल.
दुसरा अंगठा. लाल.
दुकानदार वाईट माणूस नाही. म्हणाला,
तुमचा अंगठा उठतच नाही काकू,
उद्या सकाळी या, हात थंडे असताना.
मी तिचा अंगठा उजेडाकडे धरला.
देठांनी रेघा नेल्या होत्या.
नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत, लालसर.
पाण्यात अब्जांश इतकी माळ असली
तरी ती जागा तिला ओळखते,
हे मी छापून आणलं आहे.
"तूच लाव ना वं," मामी म्हणाली.
माझं नाव त्या कार्डातून
आठ वर्षांपूर्वीच कमी झालेलं.

रिकामी पिशवी घडी करून
आम्ही डांबरी रस्त्यानं परत निघालो.
ट्रकमागून धूळ आली
आणि मी विसरून डोळा चोळला.

"सांगतलं होतं ना!"
मामी हसली. खोकली.
हापशीवर पदर ओला केला,
माझी हनुवटी धरली
आणि बोटानं पापणी हळूच वर करून
पुसत राहिली, पुसत राहिली.

आग दुप्पट झाली.
तिच्या बोटांवरची मिरची
तिला कळत नव्हती.
मी हात धरला नाही तिचा.