साडेतीन

त्याचं मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर गुडघा.
डावा. पडद्यावर, करड्यात पांढरा,
वाटीला आडवी चीर.
मेंढीमागे धावताना कुंपणावरून पडलो, म्हणाला.
मी म्हटलं, हलू नका. श्वास रोखायची गरज नाही.
त्याने तरी रोखला.

आता दर मंगळवारी, पावणेआठला,
कारमार्थनच्या चॅपलमागचा हॉल.
रचून ठेवलेल्या खुर्च्या, चहाचं पिंप,
नाणं टाकलं की पेटणारा
आणि वीस मिनिटांत रुसणारा हीटर.
मिसेस प्रॉसर, वय शहात्तर, चंदेरी बूट,
टाळ्या वाजवत वेल्शमध्ये मोजतात:
ईन, दाय, त्री.
पहिले दोन आकडे मला परके.
तिसरा ऐकला आणि दचकले.
हा तर आमच्याच घरचा,
इतक्या लांब कसा आला, कोणत्या वाटेने,
ओला रेनकोट घालून?

पाच आठवडे राहिलेत.
पुरुषाने पुढे, बाईने मागे.
मागे जायला मी कधी शिकलेच नाही.
सांगलीहून आले ती एकटी, पुढेच बघत,
भाड्याच्या खोल्या, नाइट ड्युट्या, बर्फात अडकलेली बस.
आणि आता हा माणूस मला नेतो
पाठमोरी, न बघता,
थेट खुर्च्यांच्या थप्पीकडे.
त्याच्याकडे बघ, मिसेस प्रॉसर ओरडतात,
पायांकडे नको. पाय कुठे पळून जात नाहीत.

आईला फोनवर सांगितलं.
नवरानवरीच नाचणार? मग वऱ्हाड काय करणार?
बघणार, म्हटलं.
ती गप्प. मग म्हणाली,
फुगडीत कशा दोघी मागे रेलतात
म्हणून कुणीच पडत नाही. तसं काही आहे का?
तसं नाही गं, म्हटलं, आणि फोन ठेवला.
भांडी घासताना वाटलं, तसंच आहे की काय.

खरी अडचण वेगळी.
तिसऱ्या मात्रेवर ग्लिनचा गुडघा
क्षणभर विचार करतो.
एक, दोन, तीन, आणि एक छोटासा खड्डा,
त्यात मी दरवेळी पडते, त्याच्या बुटावर.
बूट त्याचा, टाच माझी,
सॉरी मात्र त्याचंच.

काल मिसेस प्रॉसर चहा ओतायला गेल्या.
रेकॉर्ड संपलेली. हीटर रुसलेला.
आम्ही तसेच उभे, हात हातात,
आणि थंडी वाजत होती म्हणून हललो.
मी मोजलं, मनात, माझ्या भाषेत:
एक, दोन, तीन,
आणि अर्धं थांबले.
गुडघा आला, सावकाश,
गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखा,
तर दार उघडंच होतं.

आमच्याकडे मुहूर्तही साडेतीनच असतात,
सांगितलं त्याला. तीन पुरे, एक अर्धा.
आणि माणूस मापला तर
तोही साडेतीन हात.
अर्धा कशाला? त्याने विचारलं.
मला काय माहीत. मी हाडांचे फोटो काढते.

तो हसला, आणि हसताना ताल सुटला.
हलू नकोस, म्हणाले मी, सवयीने.
मग लगेच:
नाही, नाही. हल.