इतर

मेडिकलची ओपीडी, खोली सतरा.
माझ्यापुढे छापील तक्ता :
डाळ, पालक, अंडं, चिकन, दूध,
आणि तळाशी एक ओळ – इतर –
जी अकरा वर्षांत मी एकदाही भरली नाही.

ती टेका नाक्याहून आलेली,
खांद्यावर चार महिन्यांचं लेकरू,
हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन.
दाराकडे पाहून म्हणाली,
"मॅडम, आमच्या घरी रविवारी बरगड्या होतेत.
त्याच्या.
चालतीन का?"

'त्याच्या' म्हणतानाचा तो आवाज मला पाठ आहे.
हॉस्टेलात बोटभर उघडून
परत लावलेल्या डब्याच्या झाकणाचा.

इंदोऱ्यात शेवंता आत्या
अर्ध्या कापलेल्या पिंपात कोळसे पसरायची.
मे महिना, अंगणात पाय ठेववत नाही,
आणि ही सकाळी नवालाच बसलेली, डोक्यावर ओला पंचा.
सांबार, पुदिना, ओव्याची पानं, ठेचलेला लसूण
हाडाच्या फटीफटीत भरायची
जशी तान्ह्याच्या बोटांत तेल जिरवावं.
चरबी ठिबकली की कोळसा चर्र करायचा,
आम्ही पोट्टे जवळ सरकायचो.
"काहून घाई करता बे?
हाडानं आपून होऊन हात सोडला पाह्यजे."
चार वाजायचे.

थायमिन कशातून मिळतं, पाच गुण.
मी लिहिलं होतं : शेंगदाणे, कडधान्यं, हातसडीचे तांदूळ.
पुस्तकात जे सर्वांत वर होतं
ते सोडून.
पाचपैकी चार मिळाले.
एक कशाचा गेला, कुणी विचारलं नाही.

"चालतीन," मी म्हणाले.
"चरबी काढून, चार तुकडे.
आत गुलाबी राहता कामा नये.
लोह आहे त्यात, जस्त आहे, अंगी लागतं.
वरून लिंबू पिळ, लगेच चहा घेऊ नको.
आणि गोळ्या सोडायच्या नाहीत,
बरगडी म्हणजे गोळी नव्हे."

मग इतर-समोर लिहिलं,
डुकराच्या बरगड्या, मंद आचेवर.
अक्षर जरा मोठंच आलं,
रकान्याबाहेर गेलं.

तिनं कागदाची घडी घातली, ती ओळ आत ठेवून.
दारापर्यंत गेली, वळली.
"ओव्याचे पानं किती टाकाचे?"

बाहेर एकेचाळीस नंबर खोकत होता.
मी बेलवरचा हात काढला.
"बस," म्हटलं, "हे तक्त्यात नाही."