मोजणी

नेमगोंडा, कमरेखाली आता तुम्ही नाही आहात.
पाठीत सुई गेली तेव्हा म्हणालात,
"बाई, गाभा निघंल न्हवं? साचा तेवढा फुटू देऊ नगासा."
एकतीस वर्षं उद्यमनगरच्या फौंड्रीत
काळ्या वाळूतून गाभे काढलेला माणूस.
तुम्हाला काय समजावणार?

आधी मूत्रमार्गात नळी घातली,
ती वाट कुठून जाते ते बोटांना कळावं म्हणून.
मग लिंग अंडकोशाला मिळतं तिथे, जुन्याच व्रणावरून, दोन इंच.
आत पू. थोडा, पण पू.
सात महिने तुम्ही त्याला उष्णता म्हणत होता.

सुरी बाजूला ठेवली.
तापल्या टोकानं एकेक पापुद्रा,
पंपाची नळी दिसेपर्यंत.
ती सापडली की सोडायची नाही,
तीच सगळीकडे नेते.
परक्या वस्तूभोवती शरीरानं
आठ वर्षांत अस्तर विणलेलं असतं.
ओढायचं नाही. सैल होईल तसं येऊ द्यायचं.

पंप आला. उजवी कांडी. डावी.
हाडामागची पाण्याची पिशवी रिकामी करून,
मोठी शीर शेजारीच, म्हणून श्वास धरून.
सिस्टर तहसीलदारनं ट्रे मोजला:
"मॅडम, एक टोपी कमी आहे."

मिरजेच्या जुन्या कागदावर दोन लिहिलेल्या.
पंधरा मिनिटं मी तुमच्या मुळाशी
करंगळीनं अंधार चाचपत होते
आणि पडद्यापलीकडून तुम्ही,
"काय ऱ्हायलंय व्हय? तुकडा आत ऱ्हायला की कास्टिंग भंगारात.
हुडका."

सापडली. पेराएवढी, डाव्या तळाला चिकटून.

मग औषधाचं पाणी, मग सलाईन, परत औषधाचं,
निवळ परत येईपर्यंत.
नवीन आज नाही.
कदाचित कधीच नाही, ते उद्या सांगेन.

तुम्ही वजन विचारलंत.
कुणी विचारत नाही. छटाकभर म्हटलं, अंदाजे.
"एवढंच?"
हसलात की काय, पडदा मध्ये होता.

बाहेर बाकावर पद्मलबाई, मांडीवर डबा.
तुम्ही त्यांना मुतखडा सांगितलेलं.
"निघाला," मी म्हटलं, "खडा."
त्यांनी झाकण काढलं, परत लावलं.
"आठ वर्सं ठाव हाय मला," म्हणाल्या.
"त्येंस्नी बोलू नगासा."