केस्टिलांची पेन्सिल

चार वर्षांत खालच्या मजल्यावरचे केस्टिला
माझ्याशी दोन वाक्यं बोलले.
पहिलं बर्फाबद्दल. दुसरंही बर्फाबद्दल.
औलूत याला शेजारधर्म म्हणतात.

मार्चच्या एका मंगळवारी
माझ्या दाराच्या फटीतून वीजबिलाचं पाकीट आत पडलं.
पाठीवर पेन्सिलीनं, रेघा आखून:

*सोमवार. ७.१०. अकरा वेळा.*
*९.४०. एकोणीस, मग नुसतं कण्हणं.*
*१.०५. मोजता आलं नाही.*

पाकीट पडल्याचा आवाज ऐकून
मुरूनं त्यात आणखी चौदाची भर घातली.

मुरू म्हणजे आमच्याकडे पावाचा चुरा.
साडेतीन महिन्यांचा, काळा,
एक कान उभा, दुसरा अजून विचारात,
आणि आवाज असा, की कुणा थोरल्या कुत्र्याचा
उसना आणलेला असावा.

पहिले दिवस मी सगळे करतात तेच केलं.
"गप्प!" म्हणून ओरडले.
तो हरखला. त्याला वाटलं,
चला, हिलाही ऐकू आलं एकदाचं.
मग आम्ही दोघं मिळून लिफ्टवर भुंकत राहिलो.

त्या रात्री ते पाकीट मी पुन्हा वाचलं,
राग बाजूला ठेवून, चष्मा लावून.
७.१०: पाचव्या मजल्यावरची नर्स उतरते,
आमच्या भिंतीतून साखळ्या खडखडतात.
९.४०: टपाल.
१.०५ काय ते कळेना.
आठ ते दोन मी दातांच्या कवळ्या घासत असते,
माझ्याच घरात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं.
त्या माणसाला मिनिटासकट ठाऊक होतं.
तक्रार म्हणून आलेला कागद
एका पिल्लाच्या भीतीचं वेळापत्रक होता.

मग मी खिडकीच्या खालच्या काचांना
केकचा कागद चिकटवला. जग धूसर झालं,
येणारे-जाणारे नुसते डाग झाले, डागांवर कोण भुंकणार.
टपालवाल्या सीस्कोला सांगितलं, पत्रं खालीच ठेव.
ओलं फडकं पिळून गोठवलं, दात शिवशिवले की चघळायला.
आणि रोज सात वाजून पाच मिनिटांनी
नाइटगाउनमध्ये, मुठीत सॉसेजचे तुकडे घेऊन
मी दारापाशी उभी.
साखळी खडखडली, की त्याचं तोंड उघडण्याआधी तुकडा.
उशीर झाला तर भुंकू द्यायचं,
मग तो श्वास घ्यायला थांबे, तेवढ्या फटीत तुकडा.
शांततेचा पगार, रोजंदारीवर.

बरं, हे काही सरळ उतरत गेलं नाही.
पाकिटं येतच होती: एकेचाळीस. तीस. सव्वीस.
गुरुवारी त्रेपन्न, कारण बुधवारी पाहुणे होते,
तो झोपलाच नव्हता,
आणि झोप न झालेलं पिल्लू
आपल्यातल्या कुणाहीसारखंच वागतं.
मी बाथरूममध्ये बसून रडले.
तो दाराच्या पलीकडून भुंकला. तेही मोजलं गेलं असणार.

१.०५ मात्र हलेना.

शनिवारी बेल वाजली (नऊ वेळा, मी मोजले).
केस्टिला. टोपी हातात.
चार वर्षांतलं तिसरं वाक्य,
आणि तेही बर्फाबद्दल:
"दुपारी एकला ऊन फिरतं, छपरावरचा बर्फ
तुमच्या खिडकीवरून खाली जातो. मी वर येऊन बसू का?"

मी किल्ली दिली.
सोमवारी ते कोट न काढता
दिवाणखान्यातल्या स्टुलावर बसले असावेत,
कारण स्टूल हललं होतं,
गालिच्यावर बुटांचा ओला ठसा होता,
मुरू त्या ठशावर हनुवटी टेकून झोपला होता,
आणि टेबलावर, पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:

*१.०५. तीन वेळा.*
*मीही दचकलो.*
*सॉसेज संपत आलंय.*