भौगोलिक कारणे द्या

शाळा बंद करायला नगरपालिकेतून तिघं आले होते.
एकाने पायपुसण्यावर बूट पुसले, दोनदा,
आत अजून कुणी रागावणारं असल्यासारखे.
मुलं सात. नियमाला हवी होती तीस.
वजाबाकी त्यांनी कागदावर करूनच आणली होती.
मी विचारलं, धुराड्यावरच्या करकोच्यांचं काय?
ते हसले.
मी विनोद केला नव्हता.

सव्वीस वर्षं मी पट्टीच्या टोकाने
लिथुआनियातल्या त्या वर्गात नॉर्वेचा किनारा दाखवला.
दातेरी आहे, बघा. हिमनद्यांनी कोरलाय.
परीक्षेत हमखास येतो. गुण तीन.
आता त्याच किनाऱ्याच्या एका फटीत
दातात अडकलेल्या शेपूच्या काडीसारखी
मी राहते: खोली, खिडकी, एकच चांगला कोट,
आणि जूनमध्ये रात्री अकराला भिंतीवर ऊन,
कुणी घरी न्यायला विसरलेल्या पोरासारखं.
पृथ्वीचा अक्ष कललेला आहे. मी जाणते.
जाणून झोप येत नाही.

उष्ण प्रवाहामुळे ही बंदरं गोठत नाहीत
हेही मीच शिकवलं, पूर्ण वाक्यात.
बोटांबद्दल पुस्तकात काही नव्हतं.
मासे पट्ट्यावरून येतात, डोळे उघडे,
शेवटच्या बाकासारखे, काहीही न ऐकता.
पोट उघडायचं, काळीज या टोपलीत, अंडी त्या.
नखांत खडू असायचा तिथे खवले.
घंटा मात्र आहे.
ती झाली की सगळे हातमोजे काढतात
आणि माझ्या ओठांवर येतं:
मी अजून उठायला सांगितलेलं नाही.

लाइनचा मुकादम विल्युस. माझाच.
नववीत दहापैकी तीन,
कोपनहेगनला त्याने नदी म्हटलं होतं.
पहिल्या दिवशी त्याने माझी मूठ सोडवली,
सुरी पुन्हा हातात ठेवली: अशी, बाई. अंगठा मागे.
मग कुणी ऐकलं का, ते पाहिलं.
इथे सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारतात,
मालकालासुद्धा.
त्याला तीन आठवडे लागले.
एका सोमवारी, यंत्राच्या आवाजाआडून,
स्वतःच्याच बुटांकडे बघत म्हणाला,
दांगुओले, टोपी नीट कर.
आणि कानापर्यंत लाल झाला.
मी टोपी नीट केली.
आई गेल्यापासून मला एकेरीत कुणी
काही करायला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी आणि गुरुवारी भाषेचा वर्ग. मी मागच्या बाकावर.
शिकवणारी इंगविल्ड, सत्तावीसची असेल,
फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करते.
सांगावंसं वाटतं, थोडी तिरकी उभी राहा, मुली.
तेवढे शब्द अजून आले नाहीत.

काल म्हणाली, आपापला देश दाखवा.
नकाशा नॉर्वेचा. अर्ध्या स्वीडनवर कागद संपतो.
मी पुढे गेले, बोट कागदावरून खाली उतरवलं,
भिंतीवरून नेलं, आणि विजेच्या बटणाखाली
रंगाचा पोपडा उडाला होता तिथे टेकवलं.
इथे.
माझ्यामागून असमाराची लेतेब्रहान.
तिने नकाशा बघितला, भिंत बघितली,
मग गुडघ्यावर बसून फरशीला बोट लावलं.
इथे.

प्रमाण धरलं तर असमारा
खालच्या मजल्यावर, न्हाव्याच्या दुकानात येतं,
कदाचित त्याच्याही तळघरात.
पण दिशा बरोबर होती.
मी मनातल्या मनात गुण दिले, पूर्ण,
आणि तिला उठायला हात दिला.
माझ्या हाताला माशांचा वास होता.
तिच्याही.