तीन सागरगोटे, उभे

लोक म्हणायचे, आंधळ्याची काठी गं तू.
कौतुकानंच म्हणायचे. मी लाजायची.
काठीला वय नसतं, हे तेव्हा कुठं माहीत.

मासोझी सहा वर्षांचा, मी नऊची.
त्याचा हात माझ्या डाव्या खांद्यावर,
फ्रॉकचा रंग तेवढ्याच जागी उडालेला.
मलावीच्या सरोवराच्या कडेकडेनं
वाळत घातलेल्या मासळीच्या मांडवांमधून आम्ही जायचो.
ओढ्यापाशी मी 'दगड' म्हणायची, तो पाय उचलायचा.
'पाणी' म्हणायच्या आत
त्याला पाणी कळलेलं असायचं.

शाळेत एका वर्गात एकशे चौदा पोरं.
हेडमास्तर म्हणाले, पुढल्या वर्षी आणा.
पुढल्या वर्षी म्हणाले, पुढल्या वर्षी.
आई त्याला घासूनपुसून, तेल लावून पाठवत राहिली,
जणू अंग चकचकीत दिसलं
की डोळ्यांचं कुणी विचारणार नाही.
माझं नाव तिसरीपर्यंत होतं पटावर. मग गळलं.
कुणी काढलं नाही. गळलं.

दिवसभर तो आंब्याखाली, बावो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांत.
लाकडी पाट, खळग्यांच्या चार ओळी, खळग्यांत सागरगोटे.
एकदा बोटं फिरवली की सगळा डाव त्याला पाठ.
चिपेता आजोबा हरले की ओरडायचे,
'दिसतंय याला! सोंग करतंय पोरगं!'

हरावा बाई नव्या आल्या होत्या.
सायकल झाडाला टेकवून उभ्या राहिल्या,
डाव संपेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.
मग पाट पुढं ओढला, गोटे काढून घेतले
(म्हातारे चिडले),
आणि मासोझीचं बोट धरून म्हणाल्या,
'हे तीन खळगे, हे शेजारचे तीन. बाकीचे नाहीतच, समज.
हे एक घर. घरात सहा माणसं.
कोण घरी आहे, कोण बाहेर गेलंय,
त्यावरून अक्षर ओळखायचं.'

डावीकडचा पहिला घरी, तिसरा घरी,
उजवीकडचा पहिला घरी: हे मासोझीचं अक्षर.
डावीकडचे तिघंही घरी, उजवीकडं शुकशुकाट:
हे लुसुंगुचं. माझं.
त्यानं चाचपलं. पुन्हा चाचपलं. हसला.
'काठी,' म्हणाला. 'ही तर उभी काठी आहे.'

त्याचं नाव पटावर आलं.
मी त्याच्या शेजारी,
फळा वाचून सांगायला कुणीतरी हवंच ना.
दोन वर्षं मी रोज हजर होते
आणि एकदाही 'हजर' म्हटलं नाही.

जाड कागद मिळत नसे. जुनी कॅलेंडरं, सिमेंटच्या पिशव्या.
टोच्यानं टोचत जायचं, उजवीकडून डावीकडं, सगळं उलटं;
पान पालथं केलं की सुलटं.
मला आवडायचं ते, पाठीमागून लिहिणं.
तो बोटांनी शिकला.
मी डोळ्यांनी, न विचारता.

मग घडीची पांढरी काठी आली.
ओढ्यापाशी सवयीनं माझ्या तोंडून निघालं, 'दगड'.
'माहितीये,' तो म्हणाला. चांगलंच बोलला तो, वाईट नाही.
मी अलीकडेच थांबले.
पलीकडं घंटा झाली.
आता वर्गात बसायला माझ्याकडं काही कारण नव्हतं.

यंदा तो लांबच्या वसतिगृहात आहे.
परवा पाकीट आलं. आत कोरा कागद.
बाबा म्हणाले, शाई संपली असेल.
गावभर फिरला तो कागद,
हेडमास्तरांनीही उलटासुलटा करून परत दिला.
मग माझ्याकडं, मासळीच्या मांडवापाशी.

मी खवले धुतले हातांचे. कंदील तिरका धरला,
म्हणजे ठिपक्यांना सावल्या पडतात.
मोठ्यानं वाचलं, सगळ्यांसाठी:
जेवणात रोज घेवडा. साबण पाठवा.
इथं बावो कुणालाच धड येत नाही.

तळाशी, लोक सही करतात तिथं,
तीन ठिपके होते, उभे.
तेवढे मी वाचून दाखवले नाहीत.